तीन बोटांची परीक्षा

कारभारीनं पोराचं लग्न स्वतःच्या हुशारीनं जमवायचं ठरवलं आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली!

पोरगा सुनील गुणाचा. श्रीगोंद्याजवळ ऊस, दारात ट्रॅक्टर, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. फक्त दात पुढं. म्हणून नगरच्या दवाखान्यात दातांना तारा बसवल्या होत्या. बेलापूरचे पाहुणे उद्या घर बघायला येणार म्हटल्यावर कारभारी पोराला घेऊन तिथं हजर!

"बाई, तारा चांगल्या आवळा. उसाची मोळी आवळत्यात तशा!"

"अहो, दात एका रात्रीत आत जात नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आवळते, पण दोन-तीन दिवस जबडा दुखेल, तोंड नीट उघडणार नाही. त्यात याचा चेहरा आखूड, रुंद. अशांचं तोंड लांबट चेहऱ्याच्या माणसापेक्षा तसंही कमीच उघडतं."

"मग झ्याकच की! पाव्हन्यांपुढं तोंड उघडायचंय कुनाला?"

दुसऱ्या दिवशी वाल्मिकमामा भाचीला, मोनिकाला, घेऊन आले. तिनं ओसरीवर सुनीलला हळूच विचारलं, "तारा लई दुखत्यात का हो?" सुनील कानापर्यंत लाल झाला. पोरगी त्याच्या मनात भरली होती, ते आंधळ्यालाही दिसलं असतं!

मग पोहे आले. सुनील एकेक पोहा ओठांतून आत सरकवू लागला. मामांनी बशी खाली ठेवली.

"जावईबापू, तोंडात तीन बोटं उभी घाला बरं."

"आँ?" कारभारी दचकला.

"तंबाखू-सुपारीचा मावा खानाराचं तोंड उघडत न्हाई. थोरली भाची असल्याच्या घरात देऊन बसलोय. रडती रोज!"

सुनीलनं डोळ्यांत पाणी येईस्तोवर जोर लावला. दीड बोट गेलं! मोनिकाचा चेहरा उतरला.

"अवो, तारांनी दुखतंय त्याला!" कारभारी ओरडला. "आन चेहराबी आखूड हाय, त्याच्या आईवर गेलाय. माझा बघा लांब. चार बोटं जात्यात!"

आणि त्यानं आ वासला. चांगला म्हशीसारखा!

सगळ्यांनी आत बघितलं. डाव्या गालात मघाशी गोठ्यामागं जाऊन दाबलेला मावा बसला होता.

पाहुणे चहा न घेताच उठले. कारभारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराच्या तोंडचा घास आपणच काढला, हे त्याला आता कळत होतं.

जबडा मोकळा झाल्यावर त्यानं सुनीलचा तीन बोटं घातलेला फोटो मामांना मोबाईलवर पाठवला. मामांचा लगेच फोन!

"पोरगा सरळ हाय. मोनिका त्याच दिवशी म्हनली. पन तिला नांदायचं तुमच्या घरात. तुमी मावा सोडला का? शब्द द्या, रविवारी सुपारी फोडू!"

सुनील दारात उभा राहून ऐकत होता. शब्द द्यायला कारभारी एका पायावर तयार होता. पण त्यानं मान वर करून, ओठ आवळून कसंबसं म्हटलं, "उं... येक मिन्टं हं," आणि अंगणात जाऊन थुंकून आला. तोवर मामांनी फोन ठेवला होता.