गणूतात्यांचे कडू करांदे

माझ्या बी.ए.च्या पदवीमागे एकच माणूस उभा आहे: माझे चुलते गणूतात्या. मी महाडला शिकत होतो तेव्हा घरचा तांदूळ माझ्याकडे यायचा आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत घरची माणसं कडू करांदे खायची.

हे रानातले कंद. नीट धुतले नाहीत तर विषच. तात्या त्यांच्या चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडत, टोपलीत भरून वाहत्या वहाळात ठेवत. मग पहिला घास स्वतः खाऊन अंगणात स्वतःचीच नाडी धरून बसत. ऊन उंबऱ्याशी येईपर्यंत कुणी टोपलीला हात लावायचा नाही.

"तात्या, जीव हाय ना अजून?" शेजारची येसूवहिनी ओरडायची. "पोरं भुकेली हायत!"

"थांब गो. अजून खात्री नाय."

तात्यांना सगळ्याचंच भय. मला एस.टी.त बसवताना ते ड्रायव्हरला विचारत, "जेवलास का?" उपाशी माणूस गाडी दरीत घालतो, असं त्यांचं ठाम मत.

मी महाडलाच मास्तर झालो आणि एका सुट्टीत वही घेऊन बसलो. "तात्या, राख किती, पाणी किती?"

"नाय सांगनार. लिवण्यात चुकलास तर मानूस जाईल."

गेल्या दिवाळीत पहिला घास खाऊन ते उठले आणि मागीलदारी जाऊन ओकले. मी धावलो. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"जिभेला कडू कळत नाय रे. दोन वर्सं झाली. नुसता बसतो नि बघतो, मी मरतो का. सांगितलं असतं तर माझ्या जागी पयला घास कोनी खाल्ला असता?"

ती टोपली त्यांनी पुरून टाकली. मग चार दिवस मला शिकवलं. कच्ची चकती जिभेला लावून थुंकायला लावलं. "ही चव ध्यानात ठेव. ही लागली तर घर उपाशी ठेव, पन खाऊ देऊ नको."

महाडला परतल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं. वाडीच्या मास्तरांनी ते वाचून दाखवलं.

"तीर्थरूप तात्यांस शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी करांदे केले. पहिला घास खाऊन ओटीवर बसलो. तुमची सून आत हसत होती. मला घाम फुटलेला. जीभ खाजते असं वाटे, मग नाही असं वाटे. दुपार सरेना. शेवटी तिनं घास घेतला, तेव्हा तिच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

आम्ही दोघं सुखरूप आहोत. तुम्ही इतकी वर्षं हे एकट्यानं सोसलंत आणि आम्ही हसत राहिलो. क्षमा करा.

शनिवारी पहिला घास खायला मी येतो. तोवर नवी टोपली वहाळातच राहू द्या.

आपला,
वसंत"