डरकाळे कुटुंबाची शिकार-सहल

एका जंगलात, मुलांनो, डरकाळे आडनावाचं वाघांचं घराणं राहत होतं. वाघ म्हटल्यावर लगेच पांघरुणात शिरू नका. हे वाघ तुम्हाला भेटलेच, तर फार तर बसायला सांगतील आणि घराण्याचा इतिहास ऐकवतील. घाबरायचंच असेल तर त्या इतिहासाला घाबरा.

रोजच्या जेवणाला डरकाळे खेकडे खात. नदी जवळ होती. खेकडा पळून पळून पळणार किती लांब? शिवाय खेकडे धरताना कुणी पाहिलंच, तर ‘पाय धुतोय’ असं सांगता येई.

पण घरात एक रीत होती. लग्न झालं की नव्या जोडप्याने मिळून बारशिंगा मारायचा आणि त्याची शिंगं एका रिकाम्या गुहेच्या तोंडावर लावायची. शिंगं लागली की ती गुहा त्यांची. तोवर सगळ्यांबरोबर थोरल्या गुहेत झोपायचं.

मृदुला या घरात नुकतीच सून म्हणून आली होती.

थोरल्या गुहेत एका अंगाला सासरे दादासाहेब झोपत, दुसऱ्या अंगाला सासूबाई. मधे मृदुला आणि तिचा नवरा पराक्रम. दादासाहेबांना दिवसा जी डरकाळी जमत नसे ती झोपेत आपोआप येई. पराक्रम बिचारा बायकोच्या कानाशी लागून काहीतरी गोड बोलायला जाई. लगेच अंधारातून आवाज येई, “काय म्हणालास रे? जरा मोठ्याने बोल.”

मग पराक्रम मोठ्याने म्हणे, “काही नाही आई, उकडतंय.”

मृदुलाला गुहा हवी होती. मोठी नको, हवेशीर नको, फक्त दोघांची हवी होती.

ती डोंगरापलीकडची. तिकडे अजून शिकार करत. तिच्या आईने तिला चालायच्या आधी दबा धरायला शिकवलं होतं. तेव्हा ती एका सकाळी खालमानेने म्हणाली, “बाबा, मी आणि हे जाऊन आणतो ना बारशिंगा.”

सगळ्यांनी खेकडे चावायचं थांबवलं.

“जाऊन?” दादासाहेब म्हणाले. “असंच? उठून? कुठल्या कंपनीबरोबर?”

“कंपनी कशाला? रानातच तर जायचंय.”

“अगं, आपल्यात असं कुणी उठून शिकारीला जात नाही,” सासूबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. “चौकशी करतात. चार जणांना विचारतात. वाटाड्या घेतात. नाश्त्याची सोय बघतात.”

“शेजारच्या सोनपट्ट्यांचं काय झालं ठाऊक आहे ना?” दादासाहेब म्हणाले. “घाई केली, चौकशी केली नाही. अख्खी सहल झाली आणि गरम काही मिळालं नाही पोटात.”

मृदुला गप्प बसली. नव्या सुनेला गप्प बसायला बराच वेळ मिळतो. त्या वेळात ती बघत असते.

मग चौकशी सुरू झाली. जंगलात शिकार-सहली काढणारे पुष्कळ होते. दादासाहेब सपाट खडकावर बसत, एकेकाला समोर बोलावत आणि मृदुला खेकडे घेऊन येई.

पहिला आला तरस. फार हसतमुख. काही न बोलताही हसत होता.

“साहेब, आमच्याकडे सगळं तयार मिळेल,” तो म्हणाला. “मारलेली, सोललेली, अर्धी खाल्लेली शिकार. तुम्ही फक्त उचलायची.”

“अर्धी कुणी खाल्लेली?”

“चव बघावी लागते ना साहेब. उद्या तुमची तक्रार नको.”

त्याला खेकडेही न देता वाटेला लावलं.

दुसरा आला कोल्हा. त्याने आल्याबरोबर शेपटीने खडक झाडला, सासूबाईंना नमस्कार केला आणि म्हणाला, “ताई, तुम्ही या सूनबाईंच्या धाकट्या बहीण ना?” सासूबाईंनी त्याला मोठा खेकडा दिला.

“सकाळी गरम नाश्ता,” कोल्हा सांगू लागला. “दुपारी झाडाखाली विश्रांती. संध्याकाळी सूर्यास्त. गुडघेदुखीवाल्यांसाठी चढ वगळलेले आहेत.”

“आणि बारशिंगा?” मृदुलाने हळूच विचारलं.

“दिसेलच असं मी म्हणणार नाही. मी प्रामाणिक प्राणी आहे. पण सूर्यास्त दिसेल.”

“तुमच्याबरोबर आधी कोण गेलंय?” दादासाहेबांनी विचारलं.

“तुमचे सोनपट्टेच आले होते एकदा.”

“शिंगं मिळाली त्यांना?”

“शिंगांचं काय घेऊन बसलात? त्यांना स्वतःची नव्याने ओळख पटली.”

“ती दारावर कशी टांगतात?” सासूबाईंनी विचारलं. कोल्हा गेला. खेकडा घेऊन गेला.

आणि मग तिसरे आले, ‘कुरणे आणि मंडळी’ या कंपनीचे मालक, खुद्द कुरणे.

डोक्याला भला मोठा फेटा. उंच मान, मोठाले डोळे, तपकिरी अंग, चार सडपातळ पाय आणि त्यांना खूर. चालणं अदबीचं.

मृदुलाच्या मिशा ताठ झाल्या. हातातला खेकडा निसटून पळाला. दलदलीतल्या गवताचा, ओल्या लवेचा तो वास! आईने तिला सगळ्यात आधी ओळखायला शिकवलेला वास तोच. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने वळून सासऱ्यांकडे पाहिलं.

सासरे फेट्याकडे पाहत होते.

“घरंदाज दिसता,” ते म्हणाले. “कुठले तुम्ही?”

“आम्ही त्या खालच्या कुरणातलेच, साहेब. पिढ्यान्‌पिढ्या. बारशिंग्यांचं आम्हाला काय ठाऊक नाही ते विचारा. कुठे बसतात, कुठे पाणी पितात, कुणाचं कुणाशी पटत नाही.”

“बाबा,” मृदुला म्हणाली, “अहो, हे तर…”

“थांब गं जरा. कामाचं बोलणं चाललंय.”

आता मुलांनो, दादासाहेबांना हसू नका. त्यांनी जन्मभर बारशिंगा पाहिला तो गुहांच्या दारावर. त्यांच्या लेखी बारशिंगा म्हणजे शिंगं. त्या शिंगांखाली डोकं असतं, डोक्याला पाय असतात, आणि उन्हाळा आला की ती शिंगं आपोआप गळून पडतात, पुढे नवी येतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कुरण्यांची शिंगं नुकतीच गळली होती. फेट्याखाली दोन टेंगळं तेवढी होती.

“चालायला फार आहे का?”

“रमतगमत, साहेब.”

“नाश्ता?”

“तुमचे खेकडे तुम्ही आणा. आम्ही शाकाहारी आहोत, पण निवांत सावली आमच्याकडची.”

“बरं, शिंगं हमखास?”

“शिंगं नाही मिळाली तर मला खा, साहेब!”

दादासाहेब खदखदून हसले. कुरणे हसले. पराक्रमही हसला. मृदुला हसली नाही. तिला भूक लागली होती.

“आणि तुमचं मानधन?”

“आम्ही काही घेत नाही,” कुरणे नम्रपणे म्हणाले. “एवढंच, की सहलीचा दिवस सोडून कुणाही डरकाळ्याने कुरणात पाऊल टाकायचं नाही. जनावर बिथरतं. बाकी सगळ्या घराण्यांनी हे मान्य केलंय.”

“अहो, चक्क फुकट!” दादासाहेब सासूबाईंना म्हणाले. “आणि केवढी ही जनावरांची काळजी!”

सहल ठरली.

नव्या जोडप्याची शिकार म्हणजे दोघांनी जायचं, असं मृदुलाला वाटत होतं. तसं ती पराक्रमला म्हणालीसुद्धा. तो म्हणाला, “आईबाबांना एकटं कसं ठेवायचं?” तेव्हा सगळे निघाले. सासूबाईंनी पानांत बांधून खेकडे घेतले. कमी पडायला नकोत म्हणून जास्त घेतले. जास्त झाले म्हणून ते पराक्रमने उचलले.

कुरणे पुढे चालत होते. मधेच वळून म्हणायचे, “हे बघा साहेब, खुरांचे ठसे!”

दादासाहेब वाकून बघायचे. “ताजे दिसतात!”

“अगदी आत्ताचे, साहेब.”

“पराक्रम, बघ रे. अनुभवी वाटाड्या असला की असा फरक पडतो.”

दुपारी सावलीत खेकडे झाले आणि सगळे आडवे झाले. दादासाहेबांची डरकाळी सुरू झाली. झाडावरचे पक्षी उडाले. मृदुला उठली, आणि पाणी पिणाऱ्या कुरण्यांच्या मागे जाऊन दबा धरून बसली. आईने शिकवलं होतं तस्सं. पोट जमिनीला, कान मागे.

“या सूनबाई,” कुरणे मागे न बघता म्हणाले. “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. खेकडा पडला ना तुमच्या हातातून.”

“तुम्ही बारशिंगा आहात.”

“हळू बोला. धंदा आहे माझा.”

“मी आत्ता तुम्हाला मारू शकते.”

“मारू शकता. या सगळ्यांत एकट्या तुम्हीच मारू शकता. पण मारून घरी काय न्याल?” कुरण्यांनी फेटा काढला. ऊन दोन टेंगळांवर चमकलं. “हे लावणार दारावर? तुमचे सासरे म्हणतील, सुनेने गाढव मारून आणलं.”

मृदुला विचारात पडली. म्हणतील खरे. गाढव मारलेल्या जोडप्याला गुहा मिळते असं रीतीत कुठे नव्हतं.

समोर जेवण उभं होतं. लग्न झाल्यापासून पाहिलेलं पहिलं खरं जेवण. तिची शेपटी आपोआप हलू लागली. मागच्या पायांत जोर आला. कुरण्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात पलीकडून सासूबाईंचा झोपेतला आवाज आला, “काय म्हणालास रे? जरा मोठ्याने बोल.”

मृदुलाची शेपटी थांबली.

“शिंगं कुठे आहेत?” तिने विचारलं.

कुरण्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. “त्या झुडपामागे. यंदाची माझीच आहेत. निवडून ठेवलीत.”

“सोनपट्ट्यांच्यापेक्षा मोठी?”

“किंचित.”

“किंचित नको. सासऱ्यांना लांबून दिसायला हवीत.”

“माझ्या थोरल्या भावाची आहेत. ती देतो.”

“आणि एक टोक मोडून द्या. झटापट झाल्यासारखं वाटेल.”

कुरणे तिच्याकडे बघतच राहिले. “सूनबाई, तुम्ही आधी याच धंद्यात होता का?”

“नाही,” मृदुला म्हणाली. “नुकतंच लग्न झालंय.”

उन्हं कलल्यावर शिकार झाली. कुरण्यांनी सगळ्यांना उंच गवतापाशी उभं केलं आणि बजावलं, “मी खूण केली की डोळे मिटून झेप घ्यायची. लव उडते, डोळ्यांत जाते. मोठमोठे शिकारी असंच करतात.”

खूण झाली. पराक्रमने डोळे मिटले आणि झेप घेतली. मृदुलाने झेप घेतली, डोळे उघडे ठेवून, कारण नवऱ्याच्या अंगावर पडायचं नव्हतं. गवत खसखसलं. पराक्रम कोलांटी खाऊन ओरडला. त्याच्या पंजात काटा गेला होता, पण ओरडणं फार भारदस्त वाटलं. डोळे उघडून बघतो तर मिठीत शिंगं! केवढाली! एक टोक मोडलेलं!

“मारला!” पराक्रम म्हणाला. त्याचा त्यालाच विश्वास बसेना.

दादासाहेब गवतात इकडेतिकडे बघू लागले. “पण बाकीचा कुठे गेला?”

मृदुलाने झुडपाकडे पाहिलं. कुरणे मात्र शांत होते.

“पळाला, साहेब. भीतीने शिंगं टाकून पळाला. अशी दहशत मी माझ्या उभ्या जन्मात पाहिली नाही.”

मग दादासाहेबांची छाती हळूहळू फुगली.

“आमच्या घराण्याची दहशत,” ते म्हणाले, “पहिल्यापासूनच तशी आहे.”

घरी परतेपर्यंत शिकारीची गोष्ट बरीच वाढली. नदीपाशी बारशिंगा एक होता, टेकडीपाशी कळप झाला, आणि सोनपट्ट्यांच्या दारावरून जाताना त्या कळपावर झेप घेणारे दादासाहेब होते. पराक्रमने काही दुरुस्ती केली नाही. तो पंजातला काटा चाटत होता आणि बायकोकडे चोरून बघत होता.

शिंगं लागली. गुहा मिळाली. लहानशीच होती, जरा ओलसरही होती. मृदुलाने ती आतून तीनदा झाडली. झाडण्यासारखं काही नव्हतं, पण स्वतःची होती.

सासूबाई वाळल्या पानांचं अंथरूण घेऊन आल्या. ते मृदुलाच्या हातात देऊन दारात थांबल्या. शिंगांकडे बराच वेळ वर बघत राहिल्या.

“आमच्या वेळी याच कुरण्यांचे आजोबा होते,” त्या म्हणाल्या. “गुणी माणूस. यांना आता फक्त स्वतःची झेप आठवते. फेटा मात्र त्यांचा जास्त रुबाबदार.”

मृदुलाच्या हातातली पानं खाली पडली.

“आई! तुम्हाला माहीत होतं?”

“अगं, वास नाही का येत?” सासूबाईंनी पानं उचलून तिच्या हातात दिली. “बाहेरच्या सगळ्या गुहांत एकेक सून आहे. त्यांच्याशी बोलत जा अधूनमधून.”

जाता जाता त्या वळल्या.

“टोक मोडायचं मात्र मला कधी सुचलं नव्हतं हो.”

तात्पर्य: मुलांनो, कुणाचीही शिकार करायची झाली तर नीट चौकशी करून ते काम त्यालाच सोपवावं. काम सुबक होतं, कुणाला इजा होत नाही, आणि घराण्याची दहशत कायम राहते. खेकड्यांचं मत विचारू नये.