साबणाचं पाणी लावा आणि

स्कूटरचा पुढचा टायर मी स्वतःच्या हाताने बदलणार, असं मी शुक्रवारी सकाळी दुसऱ्या कॉफीनंतर जाहीर केलं. (पहिल्या कॉफीनंतर माझ्या तोंडून असं काही निघत नाही. कुंभकोणमची दुसरी कॉफी माणसाला नको तेवढा धीर देते.) माझी बायको राजेश्वरी पेपर वाचत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कां?"

"कां म्हणजे? टायर गुळगुळीत झाला आहे."

"तें मी तीन महिन्यांपूर्वीं सांगितलें."

हेच तर माझं दुखणं होतं. स्कूटर तिची. दर शुक्रवारी दुपारी ती इन्नंबूरला वडिलांना भेटायला जाते. माझे सासरे रंगा राव तिथे एकटे राहतात अन् चार वाजल्यापासून ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत असतात. दोन महिने ती टायर बदला म्हणत होती, दोन महिने मी "बघूं" म्हणत होतो. मग एका शुक्रवारी परत येताना तिरुवलंचुळीच्या वळणावर, रस्त्यात वाळत घातलेल्या पेंढ्यावर चाक घसरलं अन् ती पडली. गुडघा फुटला, कोपर सोललं. मोडलं काही नाही. घरी येऊन तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. (भांडली असती तर मी हरलो असतो, पण निदान जेवण गोड लागलं असतं.)

तेव्हापासून तिने गाडीला हात लावला नव्हता. तीन शुक्रवार टाउन बसने जात होती. सासरे विचारायचे, "गाडी कोठें?" ती सांगायची, "सर्व्हिसला दिली आहे." माझी चूक झाकायला ही बाई आपल्या बापाशी खोटं बोलत होती. मला तिला सॉरी म्हणायचं होतं. तेवढं जमत नव्हतं, म्हणून टायर बदलायचा होता. तिने पुन्हा त्या गाडीवर बसावं, एवढंच मला हवं होतं.

नवा टायर मी आधीच आणून ठेवला होता. कसा बसवायचा ते माझा भाचा शशांक याला विचारलं. तो पुण्याला इंजिनिअर आहे. मामाच्या प्रेमापोटी त्याने सगळी कृती शुद्ध मराठीत टाइप करून पाठवली. इथे पहिली पंचाईत झाली. आम्ही तंजावरकडचे मराठी. पूर्वज राजांच्या काळात इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी बोलतो खरं, पण लिहितो तमिळ अक्षरांत. मला देवनागरी वाचता येत नाही. (हा लेखसुद्धा शशांकने टाइप केला आहे. चुका असतील तर त्याच्या.) राजेश्वरीने मात्र लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिलेल्या. ती चष्मा लावून एकेक शब्द सुटा सुटा वाचते.

स्कूटर मेन स्टँडवर घेतली. पुढचं चाक वर राहावं म्हणून मागच्या सीटवर तांदळाचं पोतं ठेवलं. मी पाना घेऊन खाली बसलो, राजेश्वरी फोन घेऊन पायरीवर.

"नट सोडवा आणि," ती वाचून थांबली.

मीही थांबलो.

"आणि? आणि कशाला?"

तुम्हाला यात काही वावगं दिसणार नाही, म्हणून सांगतो. आमच्या घरात दोन गोष्टी जोडायला आम्ही 'अन्' म्हणतो. 'आणि' हा शब्द आमच्याकडे एकाच वस्तूचा आहे. सुतार भिंतीत जी ठोकतो, जिच्यावर कॅलेंडर टांगतात, ती. तमिळमध्ये तिला आणि म्हणतात, म्हणून आम्हीही आणिच म्हणतो. तुमचा 'खिळा' मला अजून ओळखीचा वाटत नाही.

"मज काय ठाऊक?" राजेश्वरी म्हणाली. "लिहिलें आहे तें वाचतें. आणि. मग, चाक बाहेर काढा."

"केवढी आणि?"

"तें नाहीं लिहिलें."

मी घरात जाऊन हत्यारांचा डबा शोधला अन् एक मधल्या मापाची आणि आणून नटाजवळ ठेवली. चाक निघालं. पुढचं वाक्य आलं. "टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावा आणि."

"पुन्हा?"

"पुन्हा."

दुसरी आणि साबणाच्या वाटीशेजारी ठेवली. हवा भरताना तिसरी. प्रत्येक पायरीला शशांक एक आणि मागत होता, अन् मी पूजेत सुपारी मांडावी तशी मांडत होतो. कशासाठी ते कळत नव्हतं. पण तो इंजिनिअर अन् मी पंचायत ऑफिसातला क्लार्क. आमच्या ऑफिसात कारण न कळता केलेली कामंच वेळेवर होतात.

जुना टायर निघता निघेना. मी पान्यावर उभा राहिलो, मग बसलो, मग पडलो. तेव्हा राजेश्वरी खाली उतरून आली अन् गुडघा न वाकवता, पाय लांब करून माझ्याजवळ बसली. टायरची दुसरी बाजू तिने धरली. कोपरावरची खपली मला दिसली. म्हटलं, आत्ता बोलावं.

"राजी," मी म्हणालो.

"काय?"

"साबण दे."

नवा टायर बाणाच्या दिशेने बसला. शेजारच्या कीर्तीच्या पंपाने हवाही भरली. राहिलं होतं बॅलन्सिंग. दोन पितळी हंडे उपडे घातले, त्यांच्यावर सळई टेकवली, सळईत चाक. शशांकच्या म्हणण्याप्रमाणे जड बाजू आपोआप खाली येत होती. राजेश्वरीने शेवटचं वाक्य वाचलं. "जो भाग वर राहील तिथे थोडं वजन चिकटवा आणि."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अग, वजन म्हणजे आणि! आणि चिकटवायच्या! उगाच मागत नव्हता तो!"

राजेश्वरीने माझ्याकडे आदराने पाहिलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. हा प्रकार मला नवीन होता. चार आण्या मी चिकटपट्टीने रिमला बसवल्या. चाक फिरवलं. जिथे सोडावं तिथे राहत होतं. मी भोवती दोनदा फिरून पाहिलं. माझ्या हातून इतकी नीट झालेली दुसरी वस्तू मला आठवत नाही.

साडेतीनला ती साडी बदलून बाहेर आली. स्कूटरजवळ उभी राहिली. हात मुठीवर ठेवला, काढला. मी म्हणालो, "भीति वाटते तर बसने जा. मी येतों सोडायला."

तिने चावी लावली अन् म्हणाली, "मागें बैसा. पाय खालीं टेकूं नका."

दारासुरमपर्यंत ती जपून चालवत होती. पुढे शेतं लागली तशी खांदे सैल पडले. पदर माझ्या तोंडावर उडत होता अन् मला अगदी बरं वाटत होतं. तिरुवलंचुळीचं वळण आलं. तिथेच पुढे 'टिक' झालं, लगेच मागे 'फुस्स'. मागचं चाक डगमगलं. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा गाडी कडेला शांत उभी होती. राजेश्वरी दोन्ही पाय टेकून बसली होती. "मी पडलें नाहीं," ती म्हणाली. मग पुन्हा, "मी पडलें नाहीं हो."

"राजी, सॉरी," मी म्हणालो. "टायरचें तेव्हांच ऐकायला पाहिजे होतें."

"ढकला आतां," ती म्हणाली. पण एक हात मुठीवर ठेवून दुसऱ्या हाताने तिने माझ्या कपाळावरचं ग्रीस पुसलं.

ढकलता ढकलता मी शशांकला फोन करून विचारलं, चार आण्या कमी पडल्या का. सगळं ऐकून तो पाच मिनिटं नुसता हसत होता. "मामा, आणि म्हणजे तुमचं अन्! पुढे वाचायचं!" सत्तावीस वर्षांत कमावलेला आदर एका वाक्यात गेला. (सत्तावीस कसली, दीड तासातला.)

कोपऱ्यावर नटराज मेकॅनिकचं दुकान होतं. त्याने मागचं चाक फिरवून पाहिलं, टायरला हात लावला अन् म्हणाला, "सार्, आणि."

माझ्या डोक्यात शशांकचा धडा ताजा होता. मी पुढचं ऐकायला उभा राहिलो.

"आणि?"

"आणि, सार्."

"कळलं हो! आणि काय? पुढे सांगा!"

नटराजने पक्कडीत धरलेला खिळा माझ्या नाकासमोर आणला. पुढच्या रिमवरून सुटलेली माझीच चौथी आणि, मागच्या चाकाने उचललेली. राजेश्वरी दुकानाचा खांब धरून हसत सुटली. पडली त्या दिवसापासून ती अशी हसली नव्हती. नटराजने उरलेल्या तिन्ही काढल्या अन् विचारलं, हे कोणी केलं? "होता एक मेकॅनिक," ती डोळे पुसत म्हणाली.

पंक्चर निघालं. इन्नंबूरला पोचलो तेव्हा सासरे ओट्यावरून उठून उभे राहिले होते. स्कूटर पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"आली कां गाडी सर्व्हिसहून?"

"आली, अप्पा."

ते गाडीभोवती फिरले. रिमवर लोंबणारी चिकटपट्टी त्यांनी ओढून पाहिली, पुढच्या चाकाचे साबणाचे डाग पाहिले. मग माझ्यासमोरच लेकीला म्हणाले, "तीन आठवडे लावून हें असलें काम? कोण हा माणूस? त्याला पुन्हा गाडी देऊं नको."

राजेश्वरीने गाडीला अडकवलेली पिशवी काढून घेतली अन् आत जाता जाता म्हणाली, "काय करूं, अप्पा? तुम्हींच पाहून दिला."