शून्याच्या खालचं पेट्रोल

दहिसर चेकनाक्याजवळच्या भाड्याच्या गाळ्यात गुणाजी परबांनी हाताने बांधलेलं दोन आसनी विमान तयार होतं. अडलं होतं ते पेट्रोलच्या मापावर. टाकीत किती उरलंय हे माप खरं सांगतं, अशी तपासनीस चंद्रप्रकाश यांची खात्री पटली तरच उडायची परवानगी मिळणार होती.

डिजिटल काटा भरवशाचा नाही आणि काचेची नळी फुटते, असा महिनाभर खल करून गुणाजींनी पेट्रोलवर तरंगणारा बुचाचा गोळा आणि त्यात खोचलेली तार निवडली. तार टाकीच्या झाकणातून वर डोकावायची आणि पेट्रोल घटलं की खाली जायची. एवढ्यासाठी महिना लागला, हे ते कोणाला सांगत नसत.

तारेवर खुणा करायला बायको शेवंती मदतीला आली. टाकी पूर्ण कोरडी केली होती. गुणाजी शून्याची खूण करणार एवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले. परत येऊन त्यांनी शून्य आखलं, मग एकेक लिटर ओतत वरच्या खुणा केल्या. काम झकास झालं.

रविवारी चंद्रप्रकाशांसमोर गाळ्यामागे विमान खुंट्यांना बांधून इंजिन सुरू केलं. तार उतरत उतरत शून्यावर आली. इंजिन चालूच. शून्याची खूण झाकणात गडप झाली, तपासनिसांचा चहा संपला, तरी इंजिन चालूच.

"परब, तुमच्या शून्याखाली अजून किती मजले आहेत?" चंद्रप्रकाशांनी विचारलं.

"मी घातलेलंय थोडा पेट्रोल," शेवंती शांतपणे म्हणाली. "हे फोनवर होते तेव्हा. भांडा कधी सुका ठेवतत काय? घरात तांदळाचो डबो पण मी खडखडीत करूक देत नाय."

"अगो, ह्या विमान आसा, तांदळाचो डबो न्हय!"

"म्हणानच घातलंय. डबो काय आभाळातसून पडना नाय."

ती इतकी घाबरते, हे गुणाजींना आज कळलं आणि वाईटही वाटलं.

"वहिनींचं माप चांगलंय," चंद्रप्रकाश म्हणाले. "लवकर संपलं म्हणणारं माप मला चालतं. पण आता वाट लागली ना. खाली शिल्लक आहे हे तुम्हाला कळलं. शून्य दिसलं की तुम्ही म्हणणार, अजून एक चक्कर मारू."

गुणाजींनी मान खाली घातली. मनातल्या मनात ते त्या शिलकीवर बोरिवलीपर्यंत जाऊनही आले होते.

"खुणा पुन्हा करा. आणि ह्या वेळी शून्य वहिनी ठरवतील. तुम्ही बाहेर थांबायचं."

दुसऱ्या दिवशी टाकी पुन्हा कोरडी झाली. गुणाजी बाहेर उभे राहिले आणि शेवंतीने आतून शटर ओढलं. बऱ्याच वेळाने ती हात पुसत बाहेर आली.

"कितक्या घातलंस गो?" त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"घराक येण्यापुरता," शेवंती म्हणाली आणि टपरीवर चहा सांगायला गेली.