दगडूतात्यांची दातवाली भावकी

उंदीर दिसला की आपण चप्पल शोधतो. आमचे शेजारी दगडूतात्या त्याची भावकी विचारतात. "कुणीकडचा बे तू? घुशीकडचा का खारीकडचा?" उंदीर लाजून बिळात जातो.

जन्मभर शेळ्या वळल्या, म्हातारपणी हाती मोबाईल आला आणि तात्यांना साक्षात्कार झाला: उंदीर, खार, घूस, साळिंदर, सगळे एकाच आज्याचे! "दात बघा. मरेस्तोवर वाढत्यात. म्हणून ही भावकी कुठंबी गेली तरी कुरतडून खाती." एक शाखा तर म्हणे आफ्रिकेतून ओंडक्यावर बसून समुद्रापार अमेरिकेत गेली, अन् तिथं डुकराएवढी झाली. सांगताना असा थाट, की ओंडका यांनीच ढकलला होता.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या कोरड्या विहिरीत साळिंदर पडलं. अर्धं नांदूरघाट गाव काठ्या-दगड घेऊन काठावर. एकानं तर मसाला वाटायचा निरोपही घरी धाडला. पहिला दगड उचलला, तोच तात्या आडवे.

"सरका तात्या, लई चवदार असतंय."

"भावकी हाय माझी. आधी मला हाणा!"

आणि कुणी काही म्हणायच्या आत कमरेला दोर बांधून, एक निळं पिंप घेऊन तात्या विहिरीत. दोर माझ्या हातात. खाली काटे असे खडखडले, की मी दोराचा आणखी एक वेढा हाताला घेतला. साळिंदर पाठमोरं धावून काटे घुसवतं, हे तात्यांनीच मला सांगितलं होतं.

"गप ऱ्हा बाबा," खालून आवाज आला. "तुझे चुलते समुद्र पार करून गेलते, तुला एवढी विहीर निघंना व्हय?"

मग एक किंकाळी. मग काहीच नाही.

"तात्या! ओ तात्या!"

दगडवाल्यानं दगड गुपचूप खाली ठेवला. तेवढ्यात दोराला हिसका बसला.

तात्यांनी दोर पिंपाला बांधला होता; आधी तेच वर आलं. आडवं करताच साळिंदर फणफणत डोंगराकडं पळालं. काठीवाल्यांनीच वाट दिली. मग तात्या आले, पोटरीत तीन काटे. मी पकडीनं उपसले.

"ते हितंच फेका," जखम बांधता बांधता माझी बायको म्हणाली. "साळिंदराचा काटा घरात गेला की घरात भांडणं लागत्यात."

तात्यांनी दोन फेकले. तिसरा धोतराला पुसून पटक्यात खोवला.

तात्यांची बायको, आमच्या काकू, जाऊन वर्षं झाली. पोरं पांगलेली, एक सुरतेला, एक पुण्याला.

"अहो तात्या, भांडणं..." मी म्हणालो.

"लागू द्या की," तात्या हळू बोलले. "भांडायला तरी कुणी घरी यील."