बाप्पाच्या पोटातले आठ स्वाध्याय

"आठ आठवडे, आठ स्वाध्याय! गणपतीच्या आत सगळे लिहून तयार!" जूनमध्ये श्यामलाने घरात जाहीर केलं.

सासूबाई चंद्रावती रंगाची वाटी ढवळत म्हणाल्या, "लिही गो, लिही. पण भाकऱ्या टाकून लिही."

पेणात गणपतीचा कारखाना असलेल्या घरात पावसाळ्यात परीक्षेची तयारी करायची, म्हणजे लग्नाच्या मांडवात झोप काढायची! पण श्यामलाने हिय्या केला होता. टपालाने शिकायचा बालवाडी शिक्षिकेचा कोर्स. पुस्तकं पोस्टमन आणून देणार, उत्तरं घरी लिहायची आणि रोह्याच्या अभ्यासकेंद्रात नेऊन द्यायची. शेवटची तारीख गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाच. चुकली तर परीक्षेला बसता येणार नाही. आणि दिवाळीनंतर आळीत नवी बालवाडी निघणार होती. ती काढणाऱ्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, "तू पास हो, जागा तुझी!"

खरा शत्रू घरातच होता. वय दीड वर्ष, नाव उर्वी. कागद दिसला की फाडायचा, फाडला की चघळायचा. पहिला स्वाध्याय तिने दुपारच्या झोपेआधी असाच संपवला. वर आईकडे बघून इतकी गोड हसली, की श्यामलाने तिचा पापा घेतला आणि पुन्हा पहिल्या प्रश्नापासून लिहायला बसली. डावा हात पाळण्याच्या दोरीला, उजवा कागदावर.

मग तिला जागा सापडली. कारखान्यात सर्वात वरच्या फळीवर दोन वर्षं न खपलेली एक मूर्ती होती. तिच्या डोळ्यांची आखणी श्यामलाच्या नवऱ्याने, शरदने, अंगात ताप असताना केली होती. त्यामुळे बाप्पा पेपर तपासणाऱ्या मास्तरासारखा रागावलेला दिसायचा. गिऱ्हाईक बघायचं आणि पुढे सरकायचं. प्लास्टरची मूर्ती आतून पोकळ. लिहून झालेला प्रत्येक स्वाध्याय श्यामला गुंडाळी करून तिच्या पोटात घट्ट बसवायची. बँकेच्या लॉकरलासुद्धा एवढी सुरक्षितता नसेल!

आठही झाले. वेळेच्या आधी! चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऐटीत स्टुलावर चढली. फळी रिकामी!

"आई! वरचा गणपती?"

"खपवला!" सासूबाईंचा चेहरा फुलला. "परवा संध्याकाळी रोह्याचे हैबतराव आले. त्यांची मूर्ती वाटेत दुखावली. माझ्याकडे दुसरी हायच कुठं? म्हटलं, ही घ्या, जागृत दिसते!"

श्यामला स्टुलावरच बसली.

उर्वीला कडेवर घेऊन नवरा-बायको एसटीने रोह्याला पोचली तेव्हा एक वाजला होता. हैबतरावांच्या ओटीवर पाहुणे, आत बाप्पा मखरात, श्यामलाकडे रागाने बघत.

तिने रडत रडत सगळं सांगितलं. हैबतरावांनी मिशीवर हात फिरवला. "पोरी, प्राणप्रतिष्ठा झालीय. आता उत्तरपूजेशिवाय मूर्ती हलवायची नाय."

"पण तुमचा दीड दिवसाचाच ना? उत्तरपूजा कधी?"

"सहाला. आमचा यज्ञेश धाटावला कंपनीत हाय. जनरल शिफ्ट सुटल्याशिवाय येत नाय. पूजेला तोच बसतो."

श्यामलाचा चेहरा पाहून म्हातारा विरघळला. त्याने कंपनीच्या गेटवर फोन लावला. पण देवाच्या पोटात कागद अडकलेत, हे वॉचमनला सांगायचं कसं? शेवटी घसा खाकरून तो एवढंच म्हणाला, "यज्ञेशला म्हणावं, असशील तसा घरी ये. काय झालं ते विचारू नको."

अर्ध्या तासात दारात चार स्कूटर! यज्ञेशच्या मागे त्याचं अर्धं खातं, सगळ्यांच्या माना खाली. एकाने तर वाटेत मोठा हारही घेतला होता!

ओटीवर हैबतराव सुपारी कातरत बसलेले.

"बाबा! तुम्ही हायेत?"

"नसायला काय झालं?" हैबतरावांची नजर हारावर गेली. "हा कुणाला रे?"

हारवाला घाबरून म्हणाला, "ग... गणपतीला!"

एवढी माणसं जमल्यावर आरती अशी दणक्यात झाली की शेजारच्या भजनी मंडळाने चौकशीला माणूस पाठवला. उत्तरपूजा झाली. मूर्ती हलवली. शरदने ती अलगद तिरकी धरली, श्यामलाने आत हात घातला आणि एकेक गुंडाळी बाहेर ओढली. एक, दोन... आठ! आठच्या आठ!

"आमच्या बाप्पाने दीड दिवस अभ्यास केला!" हैबतराव गरजले. "चला, आधी केंद्र, मग नदी!"

अशी ती वरात निघाली. पुढे ताशा, मागे बाप्पा, त्यामागे कंपनीची माणसं, आणि मधोमध गुंडाळ्या छातीशी धरलेली श्यामला. पाचला दहा कमी असताना मिरवणूक कुंडलिका नदीची वाट सोडून अभ्यासकेंद्रात शिरली. केंद्राचे दत्तात्रेय सर खुर्चीतून उठून उभेच राहिले.

"विसर्जन इथे नाही हो!"

"स्वाध्याय द्यायचेत, सर!"

सरांनी शिक्के मारले. मग पहिली गुंडाळी उलगडून प्लास्टरची भुकटी फुंकली आणि सगळ्यांसमोर वाचू लागले.

"प्रश्न पहिला. बालवाडीतील साहित्य कुठे ठेवावे? उत्तर. साहित्य नेहमी मुलांच्या हाताला येईल अशा उघड्या जागी ठेवावे. उंचावर लपवून ठेवल्यास ते आयत्या वेळी सापडत नाही आणि सर्वांची धावपळ होते."

सरांनी चष्म्यावरून बाप्पाकडे पाहिलं, ताशावाल्यांकडे पाहिलं, मग श्यामलाकडे.

श्यामलाने उर्वीच्या झबल्यात तोंड लपवलं.

परीक्षेचं परवानगीपत्र पुढच्याच आठवड्यात आलं. त्या उत्तराला दहापैकी नऊ गुण मिळाले. उरलेला एक कुठे गेला, हे विचारायला मात्र ती काही रोह्याला गेली नाही.