पाहुण्या मॅडमसाठी कूलर

"मॅडम येतीन ते ठीक, पण बसतीन कुठं?" नागसेनच्या बायकोने, भावनाने विचारलं आणि तिथून सगळी भानगड सुरू झाली.

प्रश्न तसा रास्त होता. केळझरच्या अलीकडे असलेल्या त्या गावात बुद्धविहाराला लागून टिनाची एक खोली होती. तिला अभ्यासिका म्हणत. नागसेन तिचा सचिव, म्हणजे झाडण्यापासून अर्ज करण्यापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. पोलीस भरतीची नि तलाठी परीक्षेची तयारी करणारी पोरंपोरी तिथे सतरंजीवर बसून अभ्यास करायची. एप्रिल लागला की टिन असं तापायचं की पंखा फक्त गरम हवा इकडची तिकडे करायचा. गेल्या उन्हाळ्यात मुलींनी येणंच सोडलं. त्यातल्या दोघींची लग्नं घरच्यांनी उरकून टाकली. नागसेनला ते फार लागलं होतं. म्हणून त्याने पुण्याच्या एका फाउंडेशनकडे कूलर आणि खुर्च्यांसाठी अनुदान मागितलं होतं, आणि आता तिथल्या माधवी मॅडम स्वतः पाहणीला येणार होत्या. कूलर मिळाला नाही तर यंदा अभ्यासिकेतल्या ज्योत्स्नाचा नंबर होता. तिचा बाप स्थळं पाहायला लागलाच होता.

"बसतीन सतरंजीवर," नागसेन म्हणाला.

"इतक्या उनात पुण्याहून आलेली बाई टिनाखाली सतरंजीवर बसवता? पाहुणी आहे ना ते! लोक काय म्हनतीन?"

पाहुणी म्हटल्यावर नागसेनचं डोकं चालेनासं झालं. तो तडक रूपरावांकडे गेला. रूपरावांकडे गावातला सर्वात मोठा लोखंडी कूलर होता. "पाहुणी गावाची आहे, तुमची एकट्याची नाई," असं म्हणत रूपरावांनी तो स्वतः बैलबंडीवर चढवला. कूलर आला तर त्याच्यासमोर सतरंजी बरी दिसेना, म्हणून लग्नामांडवाचं सामान भाड्याने देणाऱ्या पुंडलिकरावांच्या बिछायत केंद्रातून लाल खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्या तर फरशीचे पोपडे डोळ्यांवर येऊ लागले, म्हणून लग्नातलं हिरवं कार्पेट आलं. भावनाने कूलरच्या पाण्यात गुलाबपाणीसुद्धा टाकलं. दाराशी उभं राहून नागसेनने खोलीकडे पाहिलं आणि त्याचा ऊर भरून आला.

माधवी मॅडम आल्या. कूलरसमोरच्या खुर्चीत बसल्या, डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "अहाहा! वर्ध्यापासून इथपर्यंत पहिल्यांदा गार वाटलं."

नागसेन खुलला.

"छान ठेवलीय अभ्यासिका. आणि तुम्हाला हवंय काय?"

"कूलर न् खुर्च्या," नागसेन म्हणाला, आणि म्हणता म्हणताच आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. गुलाबपाण्याचा गार झोत अंगावर येत असतानाही त्याला दरदरून घाम फुटला.

"मॅडम, हे आमचं नाई जी! तुमच्यासाठी मागून आणलं."

मॅडम थोडं हसल्या. "सगळे असंच म्हणतात हो. मागच्या गावातला प्रोजेक्टरही सरपंचांचाच होता म्हणे."

दारात रूपराव आणि पुंडलिकराव उभे होते. बाई आपल्या नागसेनवर शंका घेऊन राह्यली, एवढंच रूपरावांना कळलं आणि त्यांना राहवलं नाही. ते छाती काढून आत आले.

"मॅडम, हा कूलर अभ्यासिकेचाच आहे. म्या कायमचा देऊन टाकला!"

"रूपरावजी, खरं सांगा ना!" नागसेन कळवळला.

"खरंच सांगून राह्यलो! काऊन घाबरता, नागसेनभाऊ?"

मग पुंडलिकराव कसले मागे राहतात? "खुर्च्याबी अभ्यासिकेच्याच. कार्पेटबी!"

"मग खुर्चीच्या पाठीवर 'पुंडलिक बिछायत केंद्र' का लिहिलंय?" मॅडमनी विचारलं.

"दान देनाऱ्याचं नाव आहे ते. नाव नाई टाकलं तर लोकायले समजन कसं?"

नागसेनने रूपरावांचा सदरा मागून ओढला. रूपराव त्याच्या कानाशी पुटपुटले, "तुम्ही चूप राहा. सांभाळून घेतलं म्या."

मॅडमनी फाइल मिटली. "मला आनंद झाला. ज्या गावात असे दाते आहेत, तिथे आमची गरज नाही. हा पैसा दुसऱ्या गरजू संस्थेला देता येईल."

नागसेन मटकन खुर्चीत बसला. कोपऱ्यात बसलेल्या ज्योत्स्नाने पुस्तक बंद केलं. गावाने आपल्याला प्रेमाने बुडवलं, याचं त्याला हसू येईना आणि रडूही येईना.

तेवढ्यात छत्री टेकत रूपरावांची आई, अनुसयाबाई, दारात उभी राहिली. कूलर नेताना तिला विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. ती नातसुनेला घेऊन कूलरचा माग काढत आली होती.

"रूप्या, माया कूलर कोनाले इचारून आनला रे? दुपारपासून भाजून राह्यली मी!"

"माय, पाहुनी आली..."

"पाहुनीले गार हवा न् मायले हवाच नाई? काढ पयले!"

आईपुढे रूपरावांचं दातृत्व टिकलं नाही. कूलर बंद झाला, बंडीवर चढला, आणि म्हातारी त्याच्यामागे छत्री उघडून निघून गेली. थोड्याच वेळात टिनाने आपलं काम सुरू केलं. मॅडम मिटलेल्या फाइलने वारा घेऊ लागल्या. त्यांच्या कपाळावरचा घाम टपटप फाइलवर पडू लागला.

"तुम्ही रोज अशा बसता?" त्यांनी ज्योत्स्नाला विचारलं.

"नाई मॅडम. रोज खाली बसतो. खुर्च्या आजच्याच आहेत."

मॅडमनी फाइल पुन्हा उघडली.

महिन्याभरात नवा कूलर आला, नव्या खुर्च्या आल्या. उन्हाळाभर अभ्यासिका भरलेली राहिली, आणि ज्योत्स्ना पोलीस भरतीत लागली. ज्योत्स्नाच्या बापाने स्थळं पाहणं सोडून पेढे वाटले.

पुढच्या मे महिन्यात मॅडम न कळवता आल्या. अभ्यासिकेला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर आत ना कूलर, ना खुर्ची. नागसेन धावत आला तो लग्नाचा फेटा बांधूनच.

"सामान कुठाय?" मॅडमचा आवाज चढला होता.

नागसेनने फेटा सावरला. तो म्हणाला, "चला जी, दाखवतो."

रूपरावांच्या दारात त्यांच्या मुलीच्या लग्नाचा मांडव होता. दोन कूलर कमी पडले म्हणून तिसरा अभ्यासिकेतून आला होता. पंगतीत अभ्यासिकेची पोरं वाढत होती. अनुसयाबाई नव्या कूलरसमोर पाय पसरून बसली होती. तिने मॅडमना ओळखलं आणि शेजारी बसवून घेतलं.

"हा कूलर मस्त आहे आजी," मॅडम कोरडेपणाने म्हणाल्या. "तुमचाच का?"

म्हातारीने कानाला हात लावला. "नाई व माय! अभ्यासिकेचा आहे तो. आमी आजच्याले मागून आनला."

पुंडलिकराव वरणाची बादली खाली ठेवून धावत आले. "खुर्च्याबी त्याहीच्याच, मॅडम! पाहा, नाव लिवून आहे!"

मॅडमनी वळून खुर्चीच्या पाठीवरचं 'अभ्यासिका' हे नाव वाचलं आणि फाइल काढून त्यात लिहायला घेतलं. नागसेनने डोळे मिटून घेतले. मग पेनाचा आवाज थांबल्यावर हळूच वाकून पाहिलं.

मॅडमनी लिहिलं होतं, 'सामान चालू स्थितीत. वापर भरपूर.'

"आता हा कूलर काढू नका म्हणावं," त्या पदर खोचत म्हणाल्या, "निदान माझं जेवण होईपर्यंत."